नाव वजा करून बघ

मनू, तुझा मेसेज बघितला. ड्रमचा फोटो, त्याखाली किंमत आणि त्याखाली एवढंच, "ताई, घेऊ का?" तू "घेऊ का" विचारतेस तेव्हा मनातून तुझं निम्मं घेऊन झालेलं असतं, हे मला तुझ्या पहिल्या सायकलपासून ठाऊक आहे. म्हणून मी "नको" म्हणणार नाही. पैसे तुझे आहेत. राम मारुती रोडच्या दिवाळी पहाटेला आणि लोकांच्या लग्नांतल्या संगीताला वाजवून तू ते जमवलेत. ते नेमके कशावर जाणार आहेत, एवढंच मला तुझ्याबरोबर बसून बघायचंय.

आधी तुझ्या बाजूचं बोलते. चांगला स्नेअर तुला हवाच. ड्रमसेटमधलं बाकीचं दुसऱ्याचं चालून जातं. जॅम रूममध्ये किक आणि टॉम तिथलेच असतात, कार्यक्रमाला साउंडवाला सेट देतो. ड्रमर घरून नेतो ते स्नेअर, सिंबल आणि पेडल. त्यातही स्नेअर म्हणजे तुझी ओळख. लोक ज्या ठोक्यावर टाळ्या धरतात तो त्याचाच, आणि मधल्या जागी तू डाव्या हाताने ज्या बारीक कुजबुजत्या टिचक्या मारतेस त्याही त्याच्यावरच. अख्खा सेट बदलायचं खूळ सोडून तू स्नेअरकडे वळलीस हे शहाणपणाचंच झालं. बाबांना ते पटवायचं काम माझ्याकडे. माझा प्रश्न आहे तो फक्त त्या ड्रमवरच्या नावाचा, त्या सहीचा.

ड्रम तामा कंपनीचा, मेटॅलिकाच्या ड्रमरच्या, लार्स उलरिकच्या नावाचा. चौदा इंच व्यास, साडेसहा इंच खोली, पोलादी, आणि बसच्या पायरीला असतो तसला उठावदार नक्षीचा पत्रा. देखणा आहे, वाद नाही. पण किमतीचे तुकडे पाड बरं. एक तुकडा वस्तूचा: पत्रा, वरखालची रिंग, बोल्ट, तारा लावायचा-सोडायचा खटका. दुसरा तुकडा तो इथवर येण्याचा: वाहतूक, आयातशुल्क, जीएसटी, दुकानदाराचा नफा. हा बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ड्रमवर बसतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तिसरा तुकडा नावाचा. तो किती, हे बिलावर कुणी छापत नाही, पण काढता येतो. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, त्याच धातूचा, पण कुणाचंही नाव नसलेला ड्रम शोध आणि वजाबाकी कर. समजा नावाचा ५५ हजारांना आहे आणि बिननावाचा ३५ ला. मग तुझा प्रश्न ५५ हजारांचा उरत नाही, तो २० हजारांचा होतो. या २० हजारांत मला काय मिळतंय, एवढंच विचारायचं.

कधीकधी खरंच काहीतरी मिळतं, हे आधी मान्य करते. डेव्ह वेकलच्या नावाचा यामाहाचा स्नेअर होता, त्याला तारांचे दोन संच आणि ते लावायला दोन वेगळे खटके होते. ती रचना साध्या स्नेअरवर नव्हतीच. त्या माणसाने काहीतरी मागितलं, कंपनीने ते बनवलं, आणि नाव त्या कल्पनेवर बसलं. असं असेल तर दे पैसे. उलट काही सहीचे ड्रम चक्क स्वस्त निघतात. पर्लने चॅड स्मिथच्या नावाचा पोलादी स्नेअर काढला, जोई जॉर्डिसनच्या नावाचा काढला, ते दोन्ही नवशिक्या पोरांच्या खिशाला झेपतील असेच होते. म्हणजे सही दिसली की महाग आणि महाग म्हणजे उत्तम, हे गणित दोन्ही टोकांनी चुकतं. तुझ्या ड्रममध्ये मला रचनेचं वेगळेपण फारसं दिसलं नाही. नक्षी दिसली.

नावावर ड्रम विकायची रीत जुनी आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत एड सलिवनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले. रिंगोच्या पुढच्या मोठ्या ड्रमवर बँडच्या नावाबरोबर "लुडविग" असंही लिहिलेलं होतं. त्यानंतर लुडविगचा कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. पोरांना रिंगोसारखं वाजवायचं होतं आणि रिंगोसारखं वाजवण्याच्या सगळ्यात जवळची, विकत मिळणारी गोष्ट म्हणजे तो ड्रम. तुला यात काही ओळखीचं वाटतंय का?

तू म्हणशील, ताई, पण लार्सचा तो आवाज! बरं, आवाजाचंच बोलू. मेटॅलिकाचा "सेंट अँगर" हा अल्बम २००३ साली आला. त्यात लार्सने स्नेअरच्या तारा सोडून वाजवलंय. खालच्या हेडला, म्हणजे पडद्याला, चिकटून सळसळणाऱ्या ज्या तारांमुळे स्नेअर हा स्नेअर होतो, त्याच सुट्या. चाहते आजही त्यावरून भांडतात, डबा बडवलाय म्हणतात. माणूस तोच, हात तेच, एक खटका खाली केला आणि आवाज पार बदलला. मग सहीने नक्की कुठल्या आवाजाची हमी दिली?

दुसरी गोष्ट तुला आवडेल, कारण निर्वाना बँडची गाणी तू पाठ करून बसली आहेस. १९९१ च्या "नेव्हरमाइंड"मध्ये डेव्ह ग्रोलचा स्नेअर ऐक. तो जाड ओतीव धातूचा तामाचा ड्रम, "टर्मिनेटर" असं त्याचं टोपणनाव, आणि तो लॉस एंजेलिसच्या ड्रम डॉक्टर्स नावाच्या भाड्याने वाद्यं देणाऱ्यांकडून आणला होता. एका पिढीच्या कानात बसलेला तो आवाज भाड्याचा होता, मनू. आणि लेड झेपेलिनचा जॉन बॉनम? त्याचा लुडविगचा सुप्राफोनिक, साडेसहा इंची. कॅटलॉगमधला ड्रम, दुकानात शिरणाऱ्या कुणालाही मिळेल असा. सुप्राफोनिक साठच्या दशकापासून इतक्या रेकॉर्डांवर वाजलाय की मोजदाद करणं कठीण, आणि अंगावर बिल्ला फक्त कंपनीचा.

तरी आपल्याकडे वाद्याला नाव नसतं असं नाही हं. असतं, पण उलट्या बाजूने असतं. ठाण्याहून धिम्या गाडीने चौथं स्टेशन कांजूरमार्ग. तिथले हरिदास व्हटकर हे झाकीर हुसेनांचे तबले बनवायचे. मूळचे मिरजेचे, घरात पिढीजात हेच काम. आता बघ, जगातला सगळ्यात प्रसिद्ध तबलजी, पण जाणकार विचारायचे ते बनवणारा कोण म्हणून. आणि तो बनवणारा काय करतो? वाजवणाऱ्याचा हात बघतो. याला शाई कशी लागते, किनारीचा बोल कसा हवा, कुठल्या पट्टीला चढवायचा, हे त्या एका माणसासाठी ठरतं. बिघडलं की वाद्य परत त्याच्याकडे जातं आणि पुन्हा हाताला जुळवून येतं. वाद्यावर पैसा टाकायचा तर तो असा, असं मला वाटतं. आपल्या हातासाठी.

सहीचा ड्रम म्हणजे दुसरीच्या मापाने शिवलेला ब्लाउज. कापड भारी, शिवण सुरेख, पण माप तिचं. लार्स स्टेडियममध्ये वाजवतो, भिंतीएवढ्या गिटारच्या आवाजातून त्याचा ठोका वर यायला हवा. तू सहयोग मंदिराच्या हॉलमध्ये वाजवतेस, मराठी भावगीतं नव्या चालीने म्हणणाऱ्या त्या मुलीच्या मागे. तुझा अर्धा कार्यक्रम ब्रशने आणि रिमवरच्या आडव्या काठीने जातो. खोल पोलादी ड्रम हलक्या हाताला लगेच बोलेलच असं नाही. तो घेऊन तू कार्यक्रमभर त्याला दाबत बसशील, रुमाल टाक, टेप चिकटव. साडेसहा खोलीऐवजी पाच किंवा साडेपाच, पोलादाऐवजी पितळ, ॲल्युमिनियम नाहीतर मेपलचं लाकूड, हे तुझ्या कामाला जास्त जुळेल असं मला आत्ता तरी वाटतंय. पण हे ऐकून ठरव, माझ्यावर विसंबू नकोस.

आणि तुला ताशाची आठवण करून द्यायची आहे. १९९९ साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, मग ठाण्यात कौपिनेश्वर न्यासाची निघायला लागली. तू गोखले रोडवर त्या यात्रेत ताशा वाजवत चाललेली असताना कुणी येऊन विचारलं का, पोरी, ताशा कुठल्या कंपनीचा? लोक तुझी तर्री ऐकून थांबायचे. मनगटातला तो वेग ताशाने दिलाय, तो विकत मिळत नाही आणि चोरीलाही जात नाही. शिवाय ताशाने तुला आणखी एक शिकवलंय, ते तू ड्रमवर आल्यावर विसरलीस: हेडकडे बघणं. पथकातली जुनी मंडळी सांगायची ना, कातड्याचा ताशा पावसाळी हवेत बसायचा, मग कागद पेटवून शेकायचा. आता फिल्म आली आणि शेकणं गेलं, पण वादनाआधी ताण बघितल्याशिवाय कुणी कमरेला ताशा बांधत नाही. तुझ्या आत्ताच्या स्नेअरवर मात्र घेतला तेव्हाचंच हेड आहे. मधोमध पांढरा थर उडून काळा डाग पडलाय, मी बघितलाय.

तर हे आधी कर, आणि हे केल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही. वरचं हेड बदल. साधं एकेरी, पांढऱ्या थराचं, १० मिल जाडीचं घे, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. खालचं हेडही बदल, ते तर कुणी बदलतच नाही. ते ३ मिलचं असतं, कागदासारखं, आणि तारांना बोलकं तेच करतं. नव्या तारा घाल, वीस पदरी. सगळं मिळून सहीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. मग चावी घेऊन शांतपणे जुळव. समोरासमोरचे बोल्ट एकाआड एक, प्रत्येक बोल्टाजवळ काठापासून इंचभर आत स्टिकने हलकी टिचकी, सगळीकडे एकच सूर येईपर्यंत. खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं जास्त ताण. तारा इतक्या आवळू नकोस की ड्रमचा गळा दाबला जाईल. हे तुला तुझे ड्रमचे सर शिकवतील, त्यांना एक अख्खा तास फक्त यासाठी माग, वाजवायला नाही. मला वाटतं तुझी निम्मी तक्रार यातच मिटेल. उरलेली निम्मी खरी असेल, आणि तेव्हा तुला नव्या ड्रमकडून काय हवंय हे शब्दांत सांगता येईल. आत्ता तुला विचारलं तर तू "भारी वाटतो" एवढंच म्हणशील. खरं की नाही?

मग दुकान. फोटो बघून स्नेअर घ्यायचा नाही, सवलत कितीही असो. धोबीतलावला जाऊ, फुर्टाडोजमध्ये. १८६५ पासूनचं दुकान आहे, चार ड्रम काढून दाखवा म्हटलं तर कुणी डोळे वटारत नाही. जाताना तुझा जुना स्नेअर पिशवीत घ्यायचा, नवी हेडं घातलेला. तुझ्याच स्टिक, तुझेच ब्रश. दुकानातले ड्रम बहुतेक वेळा कारखान्यातून आले तसेच ढिले असतात, तेव्हा चावी मागून आधी जुळवायचे, नाहीतर तू ड्रमची नाही, त्याच्या ताणाची तुलना करशील. मग तू माझ्याकडे पाठ करून उभी राहा आणि मी सांगेन त्या माणसाला एकेक वाजवायला. सहीचा कुठला, बिनसहीचा कुठला, तुझा जुना कुठला, ओळख. असं तीनदा करू. तुझ्या कानाने सहीचा तिन्ही वेळा उचलला तर मी तोंड मिटून बिल करायला रांगेत उभी राहीन.

स्वतः वाजवताना जोरात मारून बघू नकोस, जोरात मारला की कुठलाही ड्रम भारी वाटतो. हळू मार. काठाजवळ, अगदी नखाएवढं. तारा त्याला साथ देतात का बघ. खटका दहा-वीस वेळा वर-खाली कर, गाण्याच्या मधोमध अडकणारा खटका फार छळतो. हेड काढायची परवानगी मिळाली तर काठावरून बोट फिरव, कुठे खाच, उंचवटा लागता कामा नये. त्या काठावरच हेड टेकतं, आणि तो वाकडा असेल तर कितीही जुळव, सूर पळतच राहणार. सही कुणाचीही असो.

घरचंही बोलायला हवं. घंटाळीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये तू किती वेळ खऱ्या स्नेअरवर वाजवतेस? खालच्या काकू सोसायटीच्या सभेत बोलल्यापासून तुझा रियाज रबरी पॅडवरच होतो. म्हणजे हा ड्रम आठवड्यातले बहुतेक दिवस पिशवीत राहणार, जॅम रूमला आणि कार्यक्रमाला बाहेर पडणार. तेव्हा वजनही उचलून बघ. संध्याकाळच्या लेडीज डब्यात खांद्यावर पोलादी ड्रम घेऊन ठाण्याला उतरणं ही काय चीज आहे, ते तुला मी सांगायला नको. आणि आपली हवा! जून ते सप्टेंबर पोलादावरच्या क्रोमवर बारीक गंजाचे ठिपके येतात, नक्षीच्या खाचांत घाम आणि धूळ बसते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायचा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. हे लाकडी ड्रमलाही लागू आहे, फक्त तिथे गंजाऐवजी ओल.

हप्त्यावर घ्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड. तुझी कामं हंगामी आहेत, हप्ता बारमाही असतो. पुढे विकला तर पैसे निघतील, असंही कुणी सांगेल. सहीच्या ड्रमला त्याच बँडचा वेडा गिऱ्हाईक भेटला तर निघतील, नाहीतर "नक्षी नको होती" म्हणून भाव पाडणारेच जास्त भेटतील. साधा, ओळखीच्या मापाचा ड्रम कुणीही घेतो.

एक शेवटचं, जे मी बाबांसमोर बोलणार नाही. समजा हे सगळं केलंस, ऐकलंस, ओळखलंस, आणि तरीही तुला तोच हवा वाटला. आवाजासाठी नाही, तर कॉलेजच्या त्या वाईट वर्षात तू ज्याची गाणी कानाला लावून झोपायचीस, त्याचं नाव रोज हाताखाली असावं म्हणून. मला ते कारण कमी वाटत नाही. आजीने पंढरपूरहून आणलेली ती पितळी टाळाची जोडी आवाजाने कशीही असो, ती विकायची कुणाची टाप नाही. फक्त मग "हा जास्त चांगला वाजतो" असं स्वतःला सांगू नकोस. "मला तो माणूस आवडतो आणि त्यासाठी मी २० हजार जास्त देतेय" असं सरळ म्हण. ते वाक्य मोठ्याने म्हणून बघ. म्हणताना लाज वाटली नाही, तर तुझी ऐपत आहे असं समज. अडखळलीस तर अजून थोडं थांब. लार्स कुठे जात नाही, आणि तो ड्रमही.

शनिवारी मला अर्धा दिवस आहे. त्याआधी हेडं बदलून ठेव आणि ती वजाबाकी करून मला पाठव, दोन्ही ड्रमची नावं, मापं, धातू, सगळं एका ओळीत. आणि आईला इतक्यात आकडा सांगू नकोस, ती पहिलं तुझ्या लग्नाच्या फंडाचं विचारेल आणि मग आपण धोबीतलावपर्यंत पोहोचणार नाही.